कोल्हापुरीची मिलानवारी आणि कारागिराची खतावणी

बँकेच्या मासिकात फॅशनविषयी लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. दिवसभर तारण, हप्ते आणि थकीत खाती यांत वावरणाऱ्या, वाणिज्य शाखेच्या पदवीधराने डिझायनर कपड्यांवर मत मांडावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एकच वस्तू एका बाजारात हजार-दीड हजार रुपयांना आणि दुसऱ्या बाजारात ऐंशी हजारांच्या वर विकली जाते, तेव्हा तो विषय केवळ सौंदर्यदृष्टीचा राहत नाही. तो जमाखर्चाचाही होतो. म्हणूनच २०२५ च्या उन्हाळ्यात युरोपात सादर झालेल्या संग्रहांविषयी आणि त्यांत झळकलेल्या आपल्या कोल्हापुरीविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे. मते अर्थातच वैयक्तिक आहेत.

फॅशनच्या जगाचे पंचांग आपल्या पंचांगाहून वेगळे असते. पुढील वर्षीच्या वसंत आणि ग्रीष्म ऋतूंत काय नेसावे-घालावे, हे आदल्या वर्षीच्या जून महिन्यातच मिलान आणि पॅरिस येथे ठरते. २०२६ च्या उन्हाळ्यासाठीचे पुरुषांचे संग्रह जून २०२५ मध्ये सादर झाले. त्या सप्ताहांचे वृत्तांत वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. त्या हंगामात भारत पाहुणा म्हणून नव्हे, तर प्रेरणास्थान म्हणून उपस्थित होता.

२२ जून रोजी मिलानमध्ये प्राडाने आपला संग्रह दाखविला. म्युचा प्राडा आणि राफ सिमन्स यांच्या त्या संग्रहात काही तरुणांच्या पायांत सपाट तळाच्या, अंगठ्याच्या चामड्याच्या चपला होत्या. त्या पाहून कोल्हापूरच्या कोणत्याही शाळकरी मुलाने त्यांचे नाव सांगितले असते. प्राडाने मात्र त्यांना नुसत्याच चामड्याच्या सँडल म्हटले. दोनच दिवसांनी पॅरिसमध्ये लुई व्हिताँचा कार्यक्रम झाला. फॅरेल विल्यम्स यांच्या त्या संग्रहासाठी स्टुडिओ मुंबईचे वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांनी सापशिडीचा भव्य पट मांडला होता आणि संगीतात ए. आर. रहमान यांचा सहभाग होता. सापशिडी म्हणजे आपला मोक्षपट. मराठी परंपरा त्याचे नाते थेट ज्ञानदेवांशी जोडते. पुढे त्याच आठवड्यात डिओरच्या संग्रहातील एका कोटावर लखनौचे मुकैश काम दिसले, आणि ते करणाऱ्या हातांचा उल्लेख नसल्याबद्दल टीका झाली.

तीन घराण्यांनी तीन वेगळे मार्ग पत्करले, हे येथे ध्यानात घ्यावे. लुई व्हिताँने भारत घेतला तो नावानिशी. प्राडाने आकार घेतला, नाव वगळले. नाव घेणे अवघड नसते, हे याआधीही दिसले होते. मार्च २०२३ मध्ये डिओरनेच मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर आपला संग्रह सादर केला, तेव्हा मुंबईच्या चाणक्य या भरतकाम संस्थेचे नाव सन्मानाने पुढे ठेवले गेले होते.

नाव वगळले म्हणजे काय गमावले?

कोल्हापुरीचे नाव वगळल्यावर महाराष्ट्रात संताप उसळला आणि तो रास्त होता. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी प्राडाला पत्र लिहिले. कंपनीच्या वतीने लॉरेन्झो बेर्तेल्ली यांनी उत्तर देऊन ही रचना पारंपरिक भारतीय पादत्राणांवरून स्फुरल्याचे मान्य केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. परंतु जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती जनहित याचिका फेटाळली. याचिकाकर्ते वकील होते, नोंदणीकृत हक्कधारक नव्हते. आणि ज्यांचा हक्क आहे ते स्वतः दाद मागू शकतात, असा त्या निर्णयाचा आशय होता.

येथे कायद्याची थोडी उजळणी आवश्यक आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला व सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. कोल्हापुरी चपलेला हे मानांकन २०१९ मध्ये मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे येतात. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ हे दोघे या मानांकनाचे हक्कधारक आहेत. सीमेवरून एरवी कितीही वाद होवोत, या चपलेच्या बाबतीत दोन्ही राज्ये एकाच कागदावर एकत्र नांदतात, हे विशेष!

परंतु हे मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते. आठ जिल्ह्यांबाहेर, ठरलेल्या पद्धतीविना तयार झालेली चप्पल कोणी 'कोल्हापुरी' म्हणून विकली, तर हक्कधारकांना दाद मागता येते. अंगठा, पट्टा, वेणी आणि सपाट तळ यांचा आकार मात्र शतकानुशतके सर्वांसमोर आहे; त्याला नावीन्याचे संरक्षण कसे मिळणार? शिवाय हे मानांकन भारतातील नोंदणीवर उभे आहे. परदेशात त्याचा अंमल आपोआप चालत नाही. म्हणजेच प्राडाने नाव न घेतल्यामुळे आपल्या भावना दुखावल्या, आणि नाव न घेतल्यामुळेच कायद्याचा हातही आखडला. ही विसंगती समजून घेतल्याखेरीज 'चोरी, चोरी' असा नुसता घोष करण्याने कारागिराच्या पदरात काही पडत नाही.

चंदीगडच्या खुर्चीची कथा

नावाला केवढी किंमत असते, याचे उत्तम उदाहरण मी ज्या शहरात नोकरी करतो त्या चंदीगडमध्ये आहे. ल कॉर्बुझिए यांनी हे शहर आखले, तेव्हा त्यांचे चुलतबंधू पिएर जानरे यांनी येथील सरकारी कार्यालये, ग्रंथालये व महाविद्यालये यांसाठी सागवानी खुर्च्या आणि टेबले यांची रचना केली. ती बनविली स्थानिक सुतारांनी; विणकाम झाले वेताचे. पुढे अनेक वर्षे या खुर्च्या मोडकळीला येत राहिल्या आणि भंगार म्हणून लिलावात निघत राहिल्या. त्याच खुर्च्या जेव्हा युरोप-अमेरिकेतील लिलावगृहांत पोहोचल्या, तेव्हा त्यांना लाखो रुपये मोजले गेले. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारसा-फर्निचरच्या विक्रीवर बंदी घातली.

लाकूड तेच, वेत तोच, सुताराचा घामही तोच. फरक पडला तो नाव, नोंद आणि प्रसिद्धी यांमुळे. आज त्या खुर्चीबरोबर जानरे यांचे नाव जगभर जाते, सुताराचे जात नाही. वाणिज्यशास्त्रात आपण ज्याला 'नावलौकिक' म्हणून ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला दाखवितो, तो याहून वेगळा काय असतो? कोल्हापुरीचा नावलौकिक अनेक पिढ्यांनी कमावला. परंतु तो कोणाच्याच ताळेबंदात नोंदला गेला नाही. मालकी स्पष्ट नसलेल्या मालमत्तेचे जे होते, तेच तिचे झाले.

पंजाबच्या फुलकारीची स्थिती फारशी निराळी नाही. जाडसर खद्दरवर, न पिळलेल्या रेशमी धाग्याने, कापडाच्या उलट बाजूने ताणे-बाणे मोजत हे भरतकाम होते. सारे कापड भरतकामाने झाकले गेले की त्याला 'बाग' म्हणतात. एकेकाळी आजी नातीच्या लग्नासाठी ते वर्षानुवर्षे भरीत असे. त्याला बाजारभाव नव्हता, कारण ते विकण्यासाठी नव्हतेच. पतियाळाच्या लाजवंती यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, फुलकारीला भौगोलिक मानांकनही आहे. तरीसुद्धा बाजारात फेरफटका मारल्यास यंत्रावर भरलेली, कृत्रिम धाग्याची ओढणी 'फुलकारी' म्हणून काही शे रुपयांत सर्रास मिळते. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट गालामध्ये गायक दिलजित दोसांझ प्रबल गुरुंग यांनी रचलेल्या पोशाखात अवतरले. पाठीवर पंजाबचा नकाशा आणि गुरुमुखी अक्षरे होती. आमच्या शाखेतील पंजाबी सहकाऱ्यांना त्याचा केवढा अभिमान वाटला! त्यापाठोपाठ जूनमध्ये प्राडाचे प्रकरण घडले, तेव्हा हीच मंडळी मला विचारू लागली, "तुम्हारी चप्पल का क्या हुआ?" अभिमान आणि अपमान, दोन्ही एका महिन्याच्या अंतराने अनुभवास आले.

आपल्या दारातील नक्कल

या ठिकाणी एक अप्रिय मुद्दा मांडणे भाग आहे. मिलानच्या नकलेने आपण पेटून उठतो. परंतु आपल्याच बाजारपेठेतील नकलेचे आपल्याला काही वाटत नाही. रेक्झिनचा पट्टा आणि रबराचा तळ चिकटवलेली, खिळे ठोकलेली चप्पल भारताच्या कोणत्याही शहरात 'कोल्हापुरी' म्हणून विकली जाते. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याची असते. तिचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात, खिळा नसतो. वेणी घालणे आणि शिवण यांचे नाजूक काम बहुतांशी घरातील स्त्रिया करतात. कोल्हापुरात तिला प्रेमाने 'पायताण' म्हणतात. तिची करकर हीच तिची ओळख.

एवढे काम असलेली जोडी घेताना आपण दुकानदाराशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि मॉलमध्ये परदेशी नावाच्या बुटांचे छापील मोल मुकाट्याने मोजतो. मिलानच्या मंचावर गेलेल्या काही जोड्यांनी कारागिराचा प्रत्यक्ष धंदा बुडविला नाही. त्याचा धंदा बुडतो तो रोज विकल्या जाणाऱ्या हजारो नकली जोड्यांमुळे. कायदा येथे, देशांतर्गत, पूर्ण सामर्थ्याने लागू आहे, आणि 'कोल्हापुरी' हे नाव येथे उघडपणे वापरले जाते. तेव्हा हक्कधारक संस्थांनी पहिली लढाई आपल्याच बाजारपेठेत लढावी, असे मला वाटते.

प्राडाच्या कराराकडे कसे पाहावे?

प्राडाचे प्रतिनिधी जुलै २०२५ मध्ये कोल्हापुरात येऊन गेले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत प्राडा आणि ही दोन्ही महामंडळे यांच्यात सामंजस्य करार झाला. महाराष्ट्र व कर्नाटकातील कारागिरांकडून सुमारे २,००० जोड्या बनवून घेणे, त्यांची किंमत जोडीला सुमारे ८०० युरो ठेवणे, आणि फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातील ४० दुकानांत व संकेतस्थळावर त्या विक्रीस ठेवणे, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. कारागिरांच्या प्रशिक्षणाची तरतूदही त्यात आहे.

हा करार म्हणजे विजय की तडजोड, यावर मतभेद असू शकतात. मी त्याकडे कर्जप्रस्ताव तपासणाऱ्याच्या नजरेने पाहतो. २,००० जोड्या गुणिले ८०० युरो म्हणजे एकूण १६ लाख युरोंची, अर्थात सोळा-सतरा कोटी रुपयांची किरकोळ विक्री. आठ जिल्ह्यांतील व्यवसायाच्या दृष्टीने जोड्यांची ही संख्या अल्प आहे. एवढ्यावर कोणाचे संसार आमूलाग्र बदलणार नाहीत. शिवाय किमतीतील मोठा वाटा दुकानाचे भाडे, जाहिरात, वाहतूक, कर आणि कंपनीचा नफा यांकडे जातो, हे उघड आहे.

मात्र प्रस्तावाची गुणवत्ता केवळ पहिल्या उचलीच्या रकमेवर ठरत नसते. ज्या घराण्याने जूनमध्ये नाव वगळले, त्याच घराण्याने सहा महिन्यांत हक्कधारक म्हणून आपल्या दोन महामंडळांबरोबर स्वाक्षरी केली, याचे महत्त्व मोठे आहे. पुढचा परदेशी खरेदीदार आला, तर त्याच्यासमोर ठेवायला आता एक पूर्वोदाहरण आहे. म्हणून या कराराचे स्वागत करावे. पण त्याबरोबर तीन रकाने सतत तपासत राहावे. जोडीमागे कारागिराच्या हाती किती पडले? कच्च्या मालासाठी आगाऊ रक्कम मिळाली का? आणि माल दिल्यापासून पैसे किती दिवसांत आले?

तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. कारागिराची गरिबी ही पुष्कळदा कौशल्याच्या अभावाची नसून खेळत्या भांडवलाच्या अभावाची असते. समजा, एका कुटुंबाने कातडे घेण्यासाठी ५०,००० रुपये खाजगी सावकाराकडून दरमहा शेकडा तीन रुपयांनी घेतले आणि व्यापाऱ्याने पैसे सहा महिन्यांनी चुकते केले. व्याजच ९,००० रुपये झाले. हीच रक्कम वार्षिक ५ टक्क्यांनी मिळाली असती, तर सहा महिन्यांचे व्याज १,२५० रुपये झाले असते. ७,७५० रुपयांचा हा फरक म्हणजे त्या कुटुंबाचा नफाच. तो ना मिलानने नेला, ना पॅरिसने. तो उशिराने आलेल्या पैशाने नेला.

हा ५ टक्क्यांचा दर काल्पनिक नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. चर्मकार व पादत्राणे कारागीर त्यांत आहेत, शिंपीही आहेत. नोंदणी व पडताळणीनंतर विनातारण कर्जाचा पहिला हप्ता १ लाख रुपयांपर्यंत, १८ महिन्यांच्या परतफेडीने मिळतो. तो नियमित फेडल्यावर दुसरा २ लाखांपर्यंत, ३० महिन्यांसाठी. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्यही आहे. भरतकाम हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून त्या १८ मध्ये नाही; त्यामुळे फुलकारी भरणाऱ्या भगिनींसाठी स्वयंसहाय्यता गटांची बँकजोडणी आणि मुद्रा कर्ज हे मार्ग अधिक उपयुक्त ठरतात.

त्याचप्रमाणे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ हाही कारागिराच्या बाजूने उभा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. अशी तरतूद असूनही किती कारागिरांकडे उद्यम नोंदणीचा कागद असतो? कितीजण माल देताना तारीख घातलेले बिल फाडतात? डिझायनर मंडळींनी कपड्याच्या अस्तरावर कारागिराचे नाव जरूर शिवावे; पण त्याआधी बिलावर त्याचे नाव आणि तारीख यायला हवी.

मोहालीच्या नॉर्दर्न इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीसारख्या संस्थांमधून दरवर्षी नवे डिझायनर बाहेर पडतात. ही तरुण पिढी फुलकारी, खण, पैठणी, इरकल यांकडे आस्थेने पाहते, ही आनंदाची बाब आहे. मूळच्या विदिशाच्या आणि मुंबईत काम करणाऱ्या वैशाली षडंगुळे यांनी गुळेदगुड्डच्या खणासारखी हातमागाची कापडे घेऊन जुलै २०२१ मध्ये पॅरिसच्या कुतूर सप्ताहापर्यंत मजल मारली. आपल्या आजीच्या चोळीचा खण तेथे पोहोचला तो विणकराच्या मागाशी नाते ठेवूनच. असे करता येते, हे यावरून सिद्ध होते.

तेव्हा वाचकहो, या हंगामाचा माझा निष्कर्ष असा की, परदेशी मंचावर आपली वस्तू दिसली तर लगेच हुरळून जाऊ नये आणि लगेच चवताळूनही उठू नये. नावाचा आग्रह जरूर धरावा. पण त्याबरोबर दर, आगाऊ रक्कम आणि मुदत यांचाही धरावा. ग्राहक म्हणून खरी कोल्हापुरी किंवा हातची फुलकारी घेताना ती कोठे आणि कोणी बनविली, हे दुकानात विचारावे. पक्की पावती मागावी. आणि माझ्या बँकबंधू-भगिनींना विनंती अशी की, एखादा चर्मकार किंवा भरतकाम करणारी स्त्री काउंटरवर आली, तर कागद अपुरे आहेत म्हणून परत पाठविण्यापूर्वी उद्यम नोंदणी आणि विश्वकर्मा अर्ज यांची माहिती तिला पाच मिनिटे समजावून सांगावी. पुढच्या हंगामात कोणता रंग चालेल, हे मिलान ठरवील. परंतु आपल्या कारागिराची खतावणी जमेच्या बाजूला राहील की नाही, हे बऱ्याच अंशी आपल्या काउंटरवर ठरणार आहे.